भिंतीची कावीळ

जुन्या मंगळवारीत येऊन नुसतं 'साठवण्यांचं घर कुठे' असं विचारलंत, तर लोक तुम्हाला तीन गल्ल्या फिरवून आणतील, कारण तिथे साठवण्यांना तोटा नाही. 'काविळीवाले साठवणे' म्हणालात, की काम झालं. सांगणारा आधी वाकून तुमचे डोळे पाहील, पांढरे दिसले तर जरा हिरमुसेल, आणि मग घर दाखवील.

गिरिधर साठवणे हे त्या घरातले सध्याचे काविळीवाले. त्यांचा खरा धंदा कळमन्याच्या बाजारातली मोसंबीची अडत. माणूस आवाजावर जगणारा. ढिगापाशी उभे राहून ते बोली पुकारायला लागले, की पलीकडच्या फाटकावरचा चहावालाही ग्लास धुता धुता आजचा भाव सांगू शकायचा. घरात तीच तऱ्हा. जेवताना त्यांनी मीठ मागितलं, तर शेजारच्या भावनाबाई आपल्या ओट्यावरून विचारायच्या, "काहून जी, वरण अळणी झालं का आज?"

असा हा माणूस आठवड्यातून एकदा, रविवारी पहाटे, मुका व्हायचा.

काविळीची माळ देण्याची रीत त्यांच्या आजोबांपासूनची. अंगणात मोरीच्या कडेला घेटुळीची रानभाजी माजलेली असे. उजाडायच्या आत तिच्या ओल्या काड्या खुडायच्या, त्यांचे बोटाच्या पेराएवढे तुकडे करायचे, आणि पांढऱ्या दोऱ्याचे घट्ट वेढे देत डोक्यातून कशीबशी गळ्यात उतरेल एवढी आखूड माळ करायची. ती माळ पुढे आपोआप लांबत जाई. आज गळ्यात, मग छातीवर, मग बेंबीखाली. अंगातली कावीळ माळेत उतरते आहे, असं मानायचं. गुडघ्याला लागली की माळ वाहत्या पाण्यात सोडायची आणि साठवण्यांच्या घरी येऊन तसं सांगून जायचं. त्याबदल्यात घरात काही घेत नसत, साधा नारळसुद्धा नाही.

सगळ्यात कडक नियम बोलण्याचा होता. काड्या खुडल्यापासून रोगी गल्लीचं वळण ओलांडीपर्यंत देणाऱ्याने तोंड उघडायचं नाही. घेणाऱ्याचं मौन तर आणखी लांब. त्याने मागे वळून न पाहता घर गाठायचं, आपल्या तुळशीला पाणी घालायचं आणि मगच पहिला शब्द बोलायचा. मध्ये कुणी बोललं तर त्या दिवशीच्या सगळ्या माळा वाया. त्यामुळे रविवारी सकाळी साठवण्यांच्या अंगणात माणसं हात जोडून ओळीने उभी असत आणि चिमण्यांखेरीज कुणाचा आवाज नसे.

देवकीबाई लग्न होऊन या घरात आल्या त्या पहिल्याच उन्हाळ्यात त्यांनी एक उद्योग केला. एक माळ उरली होती. फेकवेना, म्हणून त्यांनी ती स्वयंपाकघरातल्या खिळ्याला अडकवली आणि विसरून गेल्या. आठवड्याभराने पाहतात तर माळ खिळ्यापासून पिठाच्या डब्यापर्यंत आलेली. त्या नवऱ्याला हाताला धरून आत घेऊन आल्या.

"अहो, पाहा बरं. आपल्या भिंतीले कावीळ झाली वाटते."

गिरिधररावांनी माळ हातात घेऊन निरखली. ओल्या काड्या वाळून बारीक झाल्या होत्या, दोऱ्याचे वेढे सैल पडले होते, आणि एकेक तुकडा सुटा होऊन खाली लोंबत होता. माळ लांबायला कावीळ लागतच नव्हती, कोरडी हवा पुरत होती.

"बाबांले नको सांगू," ते म्हणाले. जन्मात इतक्या हळू ते पहिल्यांदाच बोलले असतील.

बाबांना सांगितलं नाही ते नाहीच. पुढे बाबा गेले, रीत मुलाच्या हाती आली, आणि लोक येतच राहिले. त्यातले बरेचसे बरे होत, माळ सोडल्याचं सांगायला येत आणि गिरिधररावांच्या पाया पडत. दिवसभर बाजारात भावावरून शिव्या खाणाऱ्या माणसाला ते पाया पडणं सोडवेना. त्यात त्यांना नावं काय ठेवायची, तुम्हाआम्हाला तरी सुटलं असतं का? भिंतीच्या काविळीचा विनोद मात्र घरात टिकून राहिला. देवकीबाई अधूनमधून खिळ्याकडे बघून विचारायच्या, "कशी आहे तब्येत?" आणि दोघंही हसायचे.

मग भिवापूरचा माणूस आला आणि ते हसणं थांबलं. या गोष्टीला आता सतरा-अठरा वर्षं झाली. दोघांनी बखोटीला धरून आणलेला. डोळे हळदीने माखल्यासारखे, अंग खाजवून ओरबाडलेलं, एका कानाची पाळी मधोमध फाटलेली. भिवापूरचा मिरचीवाला आहे एवढं वळणावर कुणीतरी देवकीबाईंना सांगितलं होतं. माळ घालून घ्यायला तो वाकला आणि पोट धरून कळवळला. याला दवाखान्यात न्या, हे शब्द गिरिधररावांच्या जिभेवर आले. पण अंगणात माणसं हात जोडून उभी होती, बाबांचा नियम होता, आणि त्यांनी तोंड मिटून घेतलं. ती तिघं मागे न पाहता वळणाआड गेली. तो माणूस माळ सोडल्याचं सांगायला कधीच आला नाही.

तेव्हापासून कळमन्यात भिवापुरी मिरची उतरली की गिरिधरराव मोसंबी सोडून तिकडे जायचे, ठसका लागेपर्यंत पोत्यांमधून हिंडायचे आणि फाटक्या पाळीचा कान शोधायचे. कुणाला विचारायचं धाडस मात्र त्यांनी केलं नाही, कारण विचारलं असतं तर उत्तर मिळालं असतं. घरी आल्यावर देवकीबाई म्हणायच्या, "डोळे काहून लाल जी?" ते म्हणायचे, "मिरची." कुठली मिरची ते दोघांनाही ठाऊक होतं.

या वर्षी वैशाखात उमरेडला एक लग्न होतं. उन्हाने जीव नकोसा झालेला, आणि मांडवात बर्फ घातलेला मठ्ठा होता. तो बर्फ कुठल्या पाण्याचा हे विचारायचं सोडून गिरिधररावांनी ग्लासामागून ग्लास रिचवले. महिनाभराने एका सकाळी देवकीबाईंनी त्यांच्यापुढे तर्री-पोह्याची बशी ठेवली आणि त्यांनी ती वास घेऊन दूर सारली. गेल्या जन्मीही गिरिधररावांनी तर्रीला नाही म्हटलं नसेल. देवकीबाईंनी त्यांना उजेडात नेलं, खालची पापणी ओढून पाहिली आणि बशी उचलून आत नेली.

बातमी दुपारच्या आत मंगळवारीभर झाली. काविळीवाल्यालाच कावीळ झाली, आता हा काय करतो, माळ घालतो की दवाखाना गाठतो? भावनाबाई रोज तीन वेळा तब्येत विचारायला येऊ लागल्या, त्यातल्या दोन खेपा निव्वळ उत्सुकतेच्या. मुलगा दुर्गेश मिहानमधल्या कंपनीत कामाला, त्याने ऑफिसमधूनच डॉक्टरची वेळ घेऊन टाकली. वडिलांनी ती फोन करून रद्द केली.

"साठवणे काविळीवाला दवाखान्यात? लोक हसतीन," ते म्हणाले.

"हसू द्या नं. तुमच्या तोंडाले चव आली की तुम्हीबी हसान," देवकीबाई म्हणाल्या.

पण लोकांच्या हसण्याचं कारण काही खरं नव्हतं. संध्याकाळी कूलरसमोर पडल्या पडल्या त्यांनी भिंतीकडे तोंड करून खरं कारण सांगितलं. "माही माळ मलेच पुरत नसन वं, तर भिवापूरच्या त्या माणसाले काय पुरली असन? मी डॉक्टरकडे पळालो, म्हणजे त्याले मी मुद्दाम मरू देल्लं असं होते. आता जे होईन ते माळेवरच होऊ दे."

नवऱ्याला कावीळ झाल्याची देवकीबाईंना काळजी होती, पण हा माणूस एका अनोळखी मिरचीवाल्याचा हिशेब चुकता करायला स्वतःचा जीव पणाला लावतो आहे, हे ऐकून त्यांना रडूही आलं आणि संतापही आला. मग त्यांना एक आठवलं. साठवण्यांच्या रीतीत देणाऱ्याने स्वतःला माळ घालायची नसते, घरातल्या दुसऱ्याने घालायची असते. म्हणजे माळ घालणार देवकीबाईच.

"बरं," त्या म्हणाल्या. इतक्या पटकन म्हणाल्या, की अंगात ताकद असती तर गिरिधररावांना संशय आला असता.

रविवारी पहाटे त्यांनी काड्या खुडल्या, माळ केली, नवऱ्याच्या गळ्यात घातली. सगळं रीतसर, मुक्याने. घरच्याच माणसाने माळ घेतली तर त्याने वळणापर्यंत जायचं, फिरून यायचं आणि आपल्या तुळशीला पाणी घालायचं. गिरिधरराव भिंतीचा आधार घेत निघाले. मागे पाहायचं नव्हतं म्हणून आपल्यामागून बायको पिशवी घेऊन येते आहे हे त्यांना दिसलं नाही. वळणावर एक ऑटो उभा होता. देवकीबाईंनी आदल्या संध्याकाळीच तो सांगून ठेवला होता. त्यांनी नवऱ्याला दंडाला धरून आत बसवलं, स्वतः शेजारी बसल्या आणि वळण मागे पडताच तोंड उघडलं.

"माहं मौन सुटलं. तुमचं नाही सुटलं. तुळस घरी आहे. चल रे भाऊ, धंतोलीच्या दवाखान्यात."

गिरिधररावांनी हातवारे केले, डोळे वटारले, ऑटोवाल्याच्या खांद्यावर थापट्या मारल्या. बोलावं तर माळ वाया, आणि माळेवर तर त्यांनी सगळं लावलेलं. संसारात देवकीबाईंना अशी संधी कधी मिळाली नव्हती. मंगळवारीपासून धंतोलीपर्यंत त्या एकट्या बोलल्या. मोसंबीच्या पाट्या अंगणात ठेवण्यावरून बोलल्या, उमरेडच्या मठ्ठ्यावरून बोलल्या, पहिल्या दिवाळीला न आणलेल्या पैठणीवरून बोलल्या. ऑटोवाला आरशातून गिरिधररावांकडे बघत होता आणि माणूस किती समजूतदार आहे अशा अर्थाने मान हलवत होता.

दवाखाना डॉक्टर नूपुर यांचा, पोटाच्या आणि काविळीच्या रोग्यांचा. बाहेरगावचे लोक येतात म्हणून रविवारी लवकरच उघडणारा. टेबलामागच्या मुलीने नाव लिहून घेतलं आणि गळ्याकडे बोट दाखवलं.

"काका, माळ काढून त्या खुंटीवर ठेवा. तपासताना मध्ये येते. अन् जाताना आठवणीने घेजा, लोकं विसरून जातात."

गिरिधररावांनी खुंटीकडे पाहिलं. तिथे माळांचा झुबका लटकला होता. काही अजून हिरवट, काही वाळलेल्या, आणि दोन-तीन तर लांबत लांबत फरशीला टेकलेल्या. त्यांनी जवळ जाऊन शेवटची गाठ पाहिली. डावीकडून फिरवलेली, आजोबांनी शिकवलेली गाठ. सगळ्या त्यांच्याच हातच्या. पंखा फिरत होता आणि कुणाच्याही गळ्यात नसलेल्या त्या माळा निवांत वाढत होत्या.

एवढ्यात कोपऱ्यातल्या खुर्चीवर कुणीतरी घाईघाईने पदर तोंडावर ओढला. देवकीबाईंच्या नजरेतून तो सुटणं शक्य नव्हतं.

"काहून वं भावना, तू इथं?"

भावनाबाईंनी पदर खाली घेतला. शेजारी त्यांचा भाचा बसला होता, त्याला मागच्याच रविवारी माळ घातली होती. "भाऊजींले वाईट वाटीन म्हणून सांगितलं नाही जी," त्या म्हणाल्या. "माळ मानाची, दवाई पोटाची. सगळेच करतात. तिकडून बोलता येत नाही, मागं पाहता येत नाही, मंग सरळ इकडेच येतात."

गिरिधररावांचे कान तापले. इतकी वर्षं पहाटे उठून आपण माळा गुंफतो आणि हे लोक वळण ओलांडलं की धंतोलीचा ऑटो करतात. आणि वर आपल्याच पाया पडायला येतात. त्यांना चांगले चार शब्द सुनवायचे होते, पण तुळस लांब होती. ते तसेच खुर्चीत बसले. आणि बसल्यावर हळूहळू त्यांच्या लक्षात यायला लागलं, की खुंटीवरच्या त्या एकेका माळेमागे एकेक माणूस आहे आणि तो वेळेवर डॉक्टरपुढे जाऊन बसलेला आहे. पण भिवापूरचा तो माणूस? तोही आला असेल का?

बाकड्यावर एक म्हातारे गृहस्थ मघापासून त्यांच्याकडे टक लावून बघत होते. ते उठून समोर आले.

"तुम्ही काविळीवाले साठवणे नं? मी चंद्रभान, भिवापूरचा. तुमचा चेहरा याद आहे मले, आवाज कधी ऐकला नाही."

गिरिधररावांची नजर त्यांच्या कानावर गेली. पाळी मधोमध फाटलेली होती.

"तुमच्याकडून निघालो तं पोरांनी ऑटोत टाकून इथंच आणलं. तवा या नूपुर डॉक्टरचे वडील बसत होते. पित्ताच्या नळीत खडा अडकला होता म्हणे, तातडीनं ऑपरेशन केलं, तवापासून वर्षातून एकदा दाखवाले येतो. तुमची माळ त्या गडबडीत कुठं पडली ते काही समजलं नाही मले. माळ हरवली हे तुम्हाले कोणत्या तोंडानं सांगू? तुम्ही एवढं पहाटे उठून मुक्यानं करता. म्हणून आलोच नाही. कळमन्यात दोनदा दिसले तुम्ही मले, मिरचीच्या गाळ्यात. मी पोत्यामागं लपलो."

देवकीबाईंनी नवऱ्याकडे पाहिलं. त्यांचे पिवळे डोळे भरून आले होते. तुळस घरी होती, नियम आजोबांचा होता. गिरिधररावांनी चंद्रभानचे दोन्ही हात धरले आणि बोलले. बोली पुकारायच्या आवाजात बोलले. टेबलामागच्या मुलीच्या हातून पेन पडलं.

"दवाखान्यात गेला? बहुत चांगलं केलं गा. बहुत चांगलं केलं."

मग ते हसायला लागले. एक पोत्यामागे लपतो आहे आणि दुसरा ठसके देत त्यालाच शोधतो आहे, हे डोळ्यांपुढे येऊन हसू आवरेना. चंद्रभान हसले, भावनाबाई हसल्या, काय झालं हे माहीत नसलेले लोकही हसले. एवढा गलका कशाचा, म्हणून डॉक्टर नूपुर स्वतः बाहेर आल्या.

तपासणी झाली, रक्त दिलं, सोनोग्राफी झाली. दूषित पाण्याची कावीळ होती, खड्याबिड्याची नव्हती. विश्रांती घ्यायची, पाणी उकळून प्यायचं, मनाने कुठली गोळी घ्यायची नाही, आणि परत दाखवायला यायचं, असं डॉक्टरांनी सांगितलं.

"ही अशी कावीळ बहुतेकांची आराम केला की आपोआप उतरते," त्या म्हणाल्या. "तेवढ्या दिवसांत तुमची माळ लांबते, म्हणून नाव माळेचं होतं. भीती असते ती दुसऱ्या काविळीची. चंद्रभानकाकांसारखी."

"म्हणजे आमच्या तीन पिढ्या फालतूच," गिरिधरराव म्हणाले. पण चेहऱ्यावर दुःख दिसेना.

"आमच्या धंद्यातल्या जुन्या लोकांनी काय कमी केलं?" डॉक्टर हसल्या. "ताप आला की शीर कापून रक्त काढत, अशक्तपणा आला की आणखी काढत. जळवा लावत, पारा खाऊ घालत. रोगी रोगातून वाचला तर डॉक्टरच्या हातून जायचा. त्यांच्यापुढे तुमची माळ म्हणजे फारच सज्जन. पण आता पुरे करा."

"पुरे," गिरिधरराव म्हणाले. आपली माळ त्यांनी जाताना खुंटीवरच राहू दिली, आणि ती मुलगी मागून हाका मारत राहिली.

आषाढ संपता संपता त्यांना तर्रीचा वास पुन्हा चांगला वाटू लागला. दवाखान्याची हकीगत भावनाबाईंनी मंगळवारीभर पोचवली होती आणि लोक हसलेही होते. पण ते हसून थेट घरी आले, आपणही कसे गुपचूप धंतोलीला गेलो होतो हे एकेकाने कबूल केलं, आणि चहाची भांडी धुता धुता देवकीबाई थकून गेल्या. मोरीकडची घेटुळी त्यांनी खुडून खुडून भाजीला लावली. लसूण घालून ती बरी लागते. स्वयंपाकघरातल्या खिळ्याला आता गाळणी असते.

बाहेरगावी मात्र बातमी पोचायला वेळ लागतोच. एका रविवारी उजाडताना अंगणात एक तरुण येऊन उभा राहिला. डोळे पिवळे, हात जोडलेले, तोंड घट्ट मिटलेलं. घरून सगळे नियम शिकवून पाठवलेला दिसत होता. गिरिधररावांनी दार उघडलं.

"मुका काहून उभा आहेस गा? बोल. डॉक्टरले दाखवलं का?"

तरुण दचकला आणि त्याने मान हलवून नाही म्हटलं. मग गिरिधररावांनी त्याला ओट्यावर बसवून सगळं सांगितलं, भिंतीच्या काविळीपासून सांगितलं, आणि इतक्या मोठ्याने सांगितलं की माळेबद्दल ज्यांच्या मनात काही श्रद्धा उरली होती त्या शेजाऱ्यांचीही झोपेतच उतरली. धंतोलीचा पत्ता दिला. वळणावर ऑटो मिळेल, लगेच जा, म्हणाले.

तरुण निघाला. ताठ मानेने, सरळ समोर बघत, शिकवल्याप्रमाणे. गिरिधरराव फाटकात उभे राहून त्याची पाठ बघत होते. वळण जवळ आलं तसं त्यांना राहवेना.

"अरे, मागं पाहाय नं गा," ते ओरडले. "काही होत नाही."

तरुण थांबला. जरा घुटमळला. मग वळला आणि त्यांच्याकडे बघून त्याने हात हलवला.